रक्त बघून चक्कर आली. तरी नर्सिंगला जाऊ का?

द्राक्षवेल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी तासगाव तालुक्यातली. यंदा बारावी सायन्स झाले, ६४ टक्के. नीट दिली होती, पण त्यातले मार्क सांगण्यात अर्थ नाही. नर्सिंगची सीईटीही दिली, तिचं बरं झालंय. घरात सध्या दुसरा विषय नाही. आप्पा म्हणतात डी. फार्मसी कर, चौकात मेडिकल टाकून देतो. आई म्हणते साधी बीएस्सी कर, पुढचं पुढं. नर्सिंगचं नाव मी एकटीच घेते.

का घेते ते सांगते. गेल्या दिवाळीनंतर आज्जी न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला सरकारी दवाखान्यात १९ दिवस काढले. दिवसा आई, रात्री मी. रात्रपाळीला एक सिस्टर असायच्या. वॉर्डात चाळीसच्या वर पेशंट, त्या एकट्या आणि सोबत एक शिकाऊ मुलगी. ऑपरेशननंतर आज्जी भ्रमात गेली. रात्री दोनला उठून ओरडायची, "मला घरी न्या, गुरं सोडायची राहिलीत." मी रडकुंडीला यायचे. त्या सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, "आज्जी, गुरं सोडली मी. तांबडी जरा लंगडतीय बघा." आज्जी एकदम गप. मग तांबडीच्या पायाला काय बांधायचं ते सांगता सांगता झोपी जायची. आमच्याकडं तांबडी होती हे त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. आज्जीच आधी कधी बोलली असेल, त्यांनी ते लक्षात ठेवलं.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. पण त्याच दवाखान्यात आज्जीचं ड्रेसिंग सोडताना मी पहिल्यांदा जखम बघितली आणि डोळ्यांपुढं अंधारी येऊन मटकन खाली बसले. त्याच सिस्टरनी मला पाणी पाजलं. आत्यानं हे गावभर केलंय. "ही म्हणं नर्स होणार!"

तर ज्यांनी हे काम केलंय त्यांना विचारायचं होतं. आपण या कामाचे आहोत की नाही हे आधी कसं ओळखायचं? चार वर्षं आणि घरचे पैसे घालून मग कळलं तर काय करू?

---

स्पष्टवक्ता

कटू बोलतो, राग नको. एका सिस्टरचं गोड बोलणं ऐकून करिअर ठरवू नये. ती सिस्टर महिन्याला किती घरी नेते ते विचारलंस का? आमच्या ओळखीतली मुलगी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून जिल्ह्याच्या ठिकाणी १३ हजारांवर राबते. वडील स्वतःहून मेडिकल टाकून देतायत, असे वडील किती जणांना मिळतात? त्यांचं ऐक. सेवाभाव वगैरे १२ मेच्या, परिचारिका दिनाच्या भाषणात बरा दिसतो.

---

वॉर्ड नंबर ९

स्पष्टवक्ता काका, १३ हजार हे खरं आहे. मीही ११ हजारांपासून सुरुवात केली. पण अर्धंच खरं सांगू नका.

मी मेल नर्स. वॉर्डात सगळे 'ब्रदर' म्हणतात, घरचे अजूनही पाहुण्यांना 'हॉस्पिटलात आहे' एवढंच सांगतात. सध्या राज्य सरकारच्या नोकरीत. आमच्या पदाचं कागदावरचं नाव अधिपरिचारिका, पुरुष असलो तरी. सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, घरभाडं. केंद्रात, म्हणजे एम्स वगैरे ठिकाणी, त्याच कामाला नर्सिंग ऑफिसर म्हणतात आणि मूळ वेतन ४४,९०० आहे. त्यासाठी नॉरसेट नावाची परीक्षा असते. मुलग्यांनी एक लक्षात ठेवा, एम्समध्ये ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना असं धोरण आहे.

खासगीचं म्हणाल तर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली होती. तिनं म्हटलं की ५० खाटांपेक्षा लहान दवाखान्यातसुद्धा नर्सला किमान २० हजार द्यावेत, आणि २०० खाटांच्या वर असेल तर सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा. ती शिफारस फायलीत झोपली आहे. मी तिची झेरॉक्स घेऊन एका खासगी हॉस्पिटलच्या एचआरकडे गेलो होतो. त्यांनी चहा पाजला.

म्हणजे हिशोब असा: सरकारी जागा मिळाली तर मेडिकल दुकानापेक्षा नक्की बरं. पण भरतीची जाहिरात कधी निघेल, निकाल कधी लागेल, कोर्टात कोण जाईल याचा नेम नाही. मधली दोन-चार वर्षं खासगीत काढायची तयारी हवी. ती तयारी आहे का, हा प्रश्न चक्करपेक्षा मोठा आहे.

---

तिसरी पाळी

बाळ, मी ३४ वर्षं नोकरी करून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इनचार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. आधी चक्कर.

चक्कर हा काही दोष नाही. आमच्या बॅचच्या २० मुलींपैकी निदान सहा-सात जणी पहिल्या वर्षात कुठे ना कुठे आडव्या झाल्या. एक तर बाळंतपण बघताना डॉक्टरांच्याच अंगावर पडली. पुढे तीच लेबर रूमची इनचार्ज झाली. रिकाम्या पोटी वॉर्डात जायचं नाही, गुडघे ताठ करून एका जागी खांबासारखं उभं राहायचं नाही, कानात गुणगुण व्हायला लागली की लाज न बाळगता खाली बसायचं. आणि बघत उभं राहू नकोस, हातात काहीतरी काम घे. बघणाऱ्याला चक्कर येते, करणाऱ्याला कमी येते. आज्जीच्या वेळी तू नुसती बघत होतीस, आणि ती तुझी आज्जी होती.

आता ओळखायचं कसं ते. मी मुलाखती घेतल्यात, विद्यार्थिनी हाताखालून घातल्यात. 'मला लहानपणापासून सेवेची आवड' म्हणणाऱ्या मुलींची मला भीती वाटते. पेशंट शिव्या देतो, थुंकतो, नातेवाईक अंगावर येतात, तेव्हा ती आवड पहिल्या महिन्यात उतरते. मी वेगळंच बघायची. ही मुलगी दुसऱ्यांदा विचारायला लाजते का?

एक प्रसंग सांगते. माझी स्वतःचीच चूक होता होता राहिलेली. रात्रपाळी, पहाटेची घाई. एका पेशंटचं इन्शुलिन वॉर्डातलं संपलं म्हणून नातेवाइकांनी बाहेरून बाटली आणली. वॉर्डात आमच्याकडे ४० ची बाटली असायची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्यांनी आणली ती १०० ची. माझ्या हातात नेहमीची लाल टोपीची सिरिंज, ती ४० च्याच बाटलीसाठी असते, १०० ची टोपी नारिंगी. मी १२ च्या रेघेपर्यंत भरत होते. प्रत्यक्षात गेलं असतं ३० युनिट. शेजारी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी उभी होती. सगळं दोन-दोनदा विचारायची म्हणून आम्ही तिला पाठीमागे बावळट म्हणायचो. ती म्हणाली, "सिस्टर, टोपी लाल आहे ना?"

मी तेव्हा १९ वर्षं नोकरी केलेली. तिच्या जागी दुसरी असती तर 'सिस्टरना कळत असेलच' म्हणून गप्प बसली असती. सकाळी त्या माणसानं चहा मागितला, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

---

चहा बिनसाखर

मी सहा वर्षं करून सोडलं. वाईट नर्स नव्हते. माझ्या हातची शीर कधी चुकायची नाही, लहान मुलांच्या वॉर्डातून सलाईन लावायला मला बोलवायचे.

पेशंटमुळे नाही सोडलं. डॉक्टर राउंडला उशिरा आले तर शिव्या सिस्टरला, औषध स्टोअरमध्ये नाही तर शिव्या सिस्टरला, बिल वाढलं तर सिस्टरला, लिफ्ट बंद पडली तरी सिस्टरला. ज्यातलं काहीच आपल्या हातात नाही त्याची जबाबदारी मात्र आपली. हे तुला पचेल का, याचा विचार कर. माझी मोठी बहीणही नर्स आहे, ती हे एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडते. मला ते कधी जमलं नाही, मी घरी येऊन नवऱ्याशी भांडायचे. नाइटनंतर झोप लागायची नाही. पोरगं दोन वर्षांचं होतं, दिवसा झोपलेल्या आईच्या पापण्या उघडून बघायचं.

आणि एक सांगायचं राहिलं. पहिला मृत्यू. मला कुणी सांगितलंच नव्हतं की माणूस गेल्यावरचं कामही आपलंच. नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, डोळे मिटवायचे, हनुवटी बांधायची, नावाची चिठ्ठी लावायची. बाहेर नातेवाईक टाहो फोडतायत आणि आत तू आणि वॉर्डातली मावशी दोघी शांतपणे हे करताय. विचित्र वाटेल, पण नोकरीतलं तेवढंच काम मला आजही अभिमानानं आठवतं. बाकीच्यासाठी मी परत जाणार नाही.

---

मु. पो. बार्शी

ताई, तुमचं वाचून पोटात गलबललं. आमची थोरली जीएनएम झाली. माझं शिलाईचं दुकान आहे, आम्हाला यातलं काही कळत नाही. ती फोन करायची तेव्हा मी 'जेवलीस का' आणि 'पगार झाला का' एवढंच विचारायचो.

---

कागदपत्र

भावनांचं पुष्कळ झालं, आता प्रवेशाचं. मी एका कॉलेजात प्रवेशाच्या टेबलावर बसत होतो, म्हणून आतलं सांगतो.

तीन दारं आहेत. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षं. जीएनएमला बारावी कुठल्याही शाखेची चालते, बीएस्सीला भौतिक, रसायन, जीव आणि इंग्रजी लागतं. तू सायन्सची आहेस, सीईटी दिली आहेस, तर बीएस्सीच पहिली पसंती ठेव. पुढे एमएस्सी, शिक्षिका होणं, परदेश, सगळं त्यानंच सोपं जातं. जीएनएम करूनही दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, म्हणजे दार बंद होत नाही, लांबून जावं लागतं इतकंच. सरकारी कॉलेजची फी नगण्य. खासगीत वर्षाला लाखाच्या आतबाहेर धर, त्यात वसतिगृह, मेस, गणवेश वेगळा. मुलींच्या फीमाफीचा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघालाय, पण तो कॅप, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश घेतलेल्यांना. तुझ्या कॉलेजला आणि कोर्सला लागू आहे का ते तोंडी नको, लेखी घे.

कॉलेज बघायला गेलीस तर इमारतीकडे, कॉम्प्युटर लॅबकडे बघू नकोस. त्यांचं हॉस्पिटल कुठे आहे विचार आणि तिथे जाऊन स्वतः पेशंट मोज. खाटा शंभर आणि पेशंट सात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तपासणी आली की गावातून माणसं आणून निजवायचे, दिवसाला दीडशे रुपये आणि जेवण. तिथे शिकलेली मुलगी सलाईन पुतळ्यालाच लावून पास होते.

भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद, दोन्हीकडे कॉलेजचं नाव आहे का ते बघ. मूळ गुणपत्रिका ठेवून घेतो, मधे सोडलं तर इतके लाख भरा असा बॉन्ड लिहून घेतो, असं कुणी म्हणालं तर चप्पल घाल आणि निघ.

---

स्पष्टवक्ता

शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. मेडिकल दुकानात अशी फसवणूक होत नाही एवढंच म्हणतो.

---

वॉर्ड नंबर ९

काका, तुमचं मेडिकल आहे का हो? :)

---

स्पष्टवक्ता

होतं. ऑनलाइनवाल्यांनी बुडवलं. त्यावर वेगळा धागा काढीन.

---

द्राक्षवेल

सगळ्यांचे आभार. इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. तिसरी पाळी मावशी, तुमचं लाल टोपीचं वाचून अंगावर काटा आला. मी शाळेत सारखं हात वर करून विचारायचे म्हणून मुली मला 'शंकासुर' म्हणायच्या. तो दुर्गुणच आहे असं मी धरून चालले होते.

काल आप्पांना हा धागा वाचून दाखवला. पगाराचं ऐकून थोडे निवळले. मग म्हणाले, "पैशाचं नाही गं. लोकांची घाण काढायची, तीबी परक्या बाप्यांची. आन् रात्री-अपरात्री. उद्या सोयरीक जुळवताना काय सांगू?" त्यांनी मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या त्या सिस्टरचं नाव घेतलं, अरुणा शानबाग. पेपरात वाचलेलं त्यांच्या लक्षात आहे. मला उत्तर सुचलं नाही.

---

तिसरी पाळी

तुझ्या आप्पांना माझ्याकडून सांग, त्यांची भीती खोटी नाही. अरुणावर हल्ला झाला २७ नोव्हेंबर १९७३ ला, हॉस्पिटलातच, तिथल्याच सफाई कर्मचाऱ्यानं केला. त्यानंतर मुंबईच्या नर्सनी संप केला होता. सुरक्षितता मागायला सिस्टरला संप करावा लागतो, हे तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. २०१० मध्ये राज्यात दवाखान्यातल्या हिंसेविरुद्ध कायदा झाला. त्यात नर्स आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनीही येतात, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायदा दारात उभा राहत नाही. म्हणून कॉलेज बघताना वसतिगृह आणि वॉर्ड यांतला रस्ता रात्री चालून बघायचा. बदलायची खोली कुठे आहे, तिला आतून कडी आहे का, रात्री पहारेकरी जागा असतो का, हे आप्पांनी स्वतः विचारावं. बापानं विचारलं की कॉलेजवाले नीट उत्तर देतात, हा माझा अनुभव.

पण अरुणाची गोष्ट तिथे संपत नाही. त्यानंतर ती जवळजवळ ४२ वर्षं केईएममध्येच अंथरुणावर होती, १८ मे २०१५ ला गेली तोपर्यंत. तिला भरवणं, पुसणं, कूस बदलणं तिथल्या सिस्टरनी केलं. तिला पाहिलेल्या सिस्टर निवृत्त झाल्या, ज्यांनी तिला कधी उभी पाहिली नाही अशा मुली आल्या, त्यांनीही केलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला बेडसोर (पडून राहून होणारी जखम) होऊ दिला नाही. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्या सिस्टरचं कौतुक केलंय. बेडसोर न होऊ देणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळत नाही. दर दोन तासांनी कूस. दिवसा, रात्री, दिवाळीला, संपाच्या दुसऱ्या दिवशी. चादरीला सुरकुती नको, अंग ओलं नको, टाचा टेकायला नकोत. आप्पा म्हणतात ती घाण काढणं म्हणजे हेच. विष्ठेचा रंग, वास, किती वेळा, हे सिस्टर बघते म्हणून आतला रक्तस्राव डॉक्टरांच्या आधी तिला कळतो. ती मावशीकडून स्वच्छ करून घेते तेव्हाही तिथे उभी असते, ते यासाठी.

सोयरिकीचं मी काय सांगू, माझं लग्न ३१ व्या वर्षी झालं.

---

मु. पो. बार्शी

द्राक्षवेलच्या वडिलांना, रामराम.

बाप म्हणून लिहितो. आमच्या थोरलीच्या वेळी मलाही हेच वाटायचं. तीन स्थळांनी 'नर्स नको' म्हणून नकार दिला. मग ती सरकारी भरतीत लागली, तर त्यातल्याच एकानं मध्यस्थ पाठवला. तिनं हाकलून लावला. पुढे तिच्या पसंतीनं झालं, जावई बँकेत आहेत, नाइटला डबा तेच भरतात.

पण खरं सांगायचं तर कोरोनाच्या वेळी मी तिला फोनवर म्हणालो होतो, सोड ती नोकरी, घरी ये. ती म्हणाली, "आण्णा, आत्ता सोडायची असती तर शिकलेच नसते." फोन ठेवला. पुढं दोन महिने मी रात्री दुकानात जाऊन बसायचो, घरी झोप यायची नाही. बापाला हा भाग कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगितला. आता तिची कंबर धरलीय, पेशंट उचलून उचलून. तेवढं तिला पहिल्यापासून नीट उचलायला शिकू द्या.

---

नेकरकाठी

जर्मनीतून लिहितोय, श्टुटगार्टजवळ. आजकाल एजंट गावोगाव फिरून जर्मनीचं स्वप्न विकतायत. महाराष्ट्र सरकारचाही इथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी २०२४ मध्ये करार झालाय, म्हणून हे सांगणं भाग आहे.

बीएस्सी नर्सिंग करून इथे आलो. भाषा बी-२ पातळीपर्यंत लागते, तेही वॉर्डातल्या म्हाताऱ्यांचं बोबडं, गावठी जर्मन कळायला पुरत नाही. तुमच्या पदवीला मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम करायचं, मग परीक्षा किंवा काही महिन्यांचं प्रशिक्षण, मग पूर्ण नर्स. हे सगळं जमतं. धक्का वेगळाच बसतो.

आपल्याकडे पेशंटची अंघोळ, भरवणं, भांडं देणं हे नातेवाईक आणि मावशी-मामा करतात. सिस्टर इंजेक्शन, सलाईन, चार्ट बघते. इथे नातेवाईक भेटीच्या वेळेला फुलं घेऊन येतो आणि जातो. सकाळी सहाला पाळी सुरू झाली की मी आठ-नऊ जणांना धुतो, दात घासून देतो, कपडे घालतो. आणि शिरेत सुई घालणं, ज्यात मी मुंबईत उस्ताद होतो, ते इथे बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात! माझ्यासोबत आलेल्या सहा जणांपैकी दोघं 'आम्ही काय यासाठी शिकलो' म्हणून सहा महिन्यांत परतले.

मी राहिलो. एक ८८ वर्षांचे आजोबा, रोज दाढी करून घेताना त्यांच्या गावातल्या सफरचंदांबद्दल बोलायचे. दाढी करताना त्यांच्या गालाची एक बाजू जरा लुळी वाटली. स्ट्रोक होता. वेळेत कळला. चार्ट बघून कळला नसता.

तर द्राक्षवेल, तुला आज्जीला न्हाऊ घालताना कसं वाटलं, ते आठव. मला जर विचारलंस तर परीक्षा तिथे आहे.

---

उपकेंद्र

थोडक्यात लिहिते, शिबिराला निघालेय. दवाखाना हा एकच रस्ता नाही. मी बीएस्सी नर्सिंग करून समुदाय आरोग्य अधिकारी आहे, कंत्राटी. खेड्यातल्या उपकेंद्रात बसते. बीपी, शुगर, गरोदर बायका, लसीकरण. नाइट नाही, पण रजिस्टरं आणि ॲप इतकी की बोटं झिजली. रक्त क्वचित. माणसं रोज. ज्यांना वॉर्डाची भीती वाटते त्यांनी हेही बघा. कंत्राट कायम कधी होणार ते विचारू नका.

---

चहा बिनसाखर

द्राक्षवेल, निर्णय घेण्याआधी आठवडाभर कुठेतरी जाऊन नुसती बस. ओळखीचा दवाखाना असेल तर डॉक्टरांना विचार. कशाला हात लावू नकोस, सुईला तर मुळीच नको. तुला अजून कावीळ ब ची लससुद्धा मिळालेली नसेल (ती तीन डोसची असते, शून्य, एक, सहा महिने. प्रवेश ठरला की लगेच सुरू कर). फक्त बघ. आणि सकाळचं नको, रात्रीचं बघ. सकाळी सगळे दवाखाने चांगले दिसतात.

---

द्राक्षवेल

१५ दिवसांनी परत आलेय. उशीर झाला, छाटणीची गडबड होती.

तालुक्याच्या एका दवाखान्यात सहा रात्री गेले. आप्पा सोडायला यायचे, सकाळी न्यायला. डॉक्टर आत्याच्या दिरांच्या ओळखीचे. काय काय झालं ते सगळं लिहीत नाही.

पहिल्या रात्री एकाला अपघाताचे टाके घालत होते. कानात गुणगुण झाली, खाली बसले. कुणी हसलं नाही, कुणाला वेळच नव्हता. तिसऱ्या रात्री पुन्हा टाके होते, तेव्हा टॉर्च धरायला सांगितला. काही झालं नाही. मावशी, तुमचं खरं निघालं.

मला वाटलं होतं सिस्टर सारख्या पेशंटजवळ असतील. त्या बराच वेळ लिहीतच होत्या. ताप, नाडी, श्वास, किती पाणी गेलं, किती लघवी झाली, पिशवी मोजून. मला ते कंटाळवाणं वाटेल असं वाटलं होतं. पण पहाटे चारला एका बाईंची लघवीची पिशवी दोनपासून तशीच होती. ते त्या लिहिलेल्या आकड्यांवरूनच कळलं, मग त्यांनी डॉक्टरांना उठवलं. डॉक्टर चिडत उठले, पण उठले.

एक गोष्ट आवडली नाही. तिथं तीन सिस्टर होत्या, त्यातल्या शिकलेल्या एकच. बाकीच्या दोघी दहावी-बारावी होऊन 'हाताखाली तयार झालेल्या'. एकीचा हात फार हलका, म्हातारे तिलाच बोलवायचे. पण एका रात्री तिनं कुठलंसं औषध द्यायच्या आधी मला हळूच विचारलं, "यावर काय लिहिलंय गं, वाच." इंग्रजी होतं. मी वाचलं. घरी येऊन झोप लागली नाही. तिचा राग नाही आला, तिला कुणी शिकवलंच नाही. तिला साडेसहा हजार मिळतात.

कंटाळा आला का, तर हो, एकदा दोन ते चारच्या मधे खूप आला. घरी जावंसं वाटलं का, तर पाचव्या रात्री वाटलं. एक तरुण मुलगा विष पिऊन आणला होता, तो वाचला नाही. त्याची आई बाहेर माझाच हात धरून बसली होती, मी सिस्टर आहे समजून. मी 'मी नाही' म्हटलं नाही. ते बरोबर की चूक कळत नाही.

सहाव्या रात्री जाऊ नको असं आई म्हणाली. मी गेले.

ऑप्शन भरलेत. सरकारी बीएस्सी पहिल्या पसंतीला, मग दोन खासगी. कागदपत्र दादांनी सांगितलं तसं एका ठिकाणी आप्पांना घेऊन पेशंट मोजून आलो, ११ होते, ते नाव काढून टाकलं. आप्पा अजून 'हो' म्हणालेले नाहीत. पण वसतिगृहाच्या वॉर्डनला त्यांनी कडीचं विचारलं.

यादी लागायला वेळ आहे. तोवर काय तयारी करू?

---

तिसरी पाळी

इंग्रजी रोज अर्धा तास मोठ्यानं वाच, पहिल्या वर्षी शरीररचनेचं पुस्तक अंगावर येतं. अपूर्णांक आणि गुणोत्तराची गणितं पाचवीपासून परत कर, डोस काढायला तेवढंच लागतं आणि तिथेच मुली अडतात. नखं काप. सेकंद काटा असलेलं साधं घड्याळ घे, नाडी मोबाइलवर मोजायची नाही. आणि त्या आईचा हात धरलास त्याचं म्हणशील तर, गणवेश आल्यावर कोण आहेस ते आधी सांगायचं, मग धरायचा. आत्ता ठीक आहे.

---

वॉर्ड नंबर ९

बूट एक नंबर मोठे घे. बारा तासांत पाय सुजतात.

---

स्पष्टवक्ता

शुभेच्छा. ११ पेशंट मोजून आलात हे आवडलं. बाकी आज्जी कशा आहेत? आणि त्या तांबडीचा पाय?

---

द्राक्षवेल

आज्जी बरी आहे काका, वॉकर घेऊन गोठ्यापर्यंत जाते. त्या रात्रींचं तिला काही आठवत नाही. तांबडी आम्ही तीन वर्षांपूर्वीच विकली.